पाना धरणारे हात



'अवकाश संशोधनातील संधी' या विषयावर बोला, असं माझ्या या शाळेच्या पत्रात लिहिलं होतं. त्याची टिपणं आणली आहेत. पण या हॉलमध्ये पाऊल टाकल्यापासून मला गिरणीचा भोंगाच ऐकू येतोय.

आमच्या वेळी हिंदमाता, परळ, नायगाव हा सगळा भाग त्या भोंग्यावर चालायचा. माझे बाबा फिटर होते. पाळी संपवून घरी येत, तेव्हा चाळीतल्या कोणाचा स्टोव्ह, कोणाचं शिलाई मशीन त्यांची वाट बघत असे. पाने, पकडी हातात देण्याचं काम माझं. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि घराघरातला पगार थांबला. त्या वर्षी हस्तव्यवसायाच्या बाई शाळा सुटल्यावर आम्हा मुलींना थांबवून घ्यायच्या. पुस्तकबांधणी, शिवण, थोडं वायरिंग त्यांनी शिकवलं. कित्येकींनी त्यावर आपल्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवला. बाई आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुमच्यामुळे माझं शिक्षण सुटलं नाही, हे मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

पुढे कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अवरक्त खगोलशास्त्राच्या गटात काम मिळालं. तारे जन्मतात ते धुळीच्या दाट ढगांत. दिसणारा प्रकाश त्या धुळीत अडकतो. तापलेल्या धुळीतून निघणारा दूर-अवरक्त प्रकाश मात्र बाहेर पडतो. तो जमिनीपर्यंत पोचत नाही, कारण हवेतली वाफ त्याला गिळते. म्हणून आमच्या गटाची 100 सेंटिमीटर आरशाची दुर्बीण हैदराबादहून भल्यामोठ्या बलूनला बांधून सुमारे 30 किलोमीटर उंच पाठवली जायची. तिच्या आतले, हा प्रकाश टिपणारे शोधक द्रवरूप हीलियमने 0.3 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 272 अंशांच्याही खाली थंड करायचे. नाहीतर यंत्राच्या स्वतःच्याच उष्णतेत ताऱ्यांकडून आलेली क्षीण ऊब हरवून जाते. निरीक्षण संपलं की दुर्बीण पॅराशूटने कुठल्यातरी शेतात उतरायची. ती शोधून आणायची, वाकलेलं सरळ करायचं आणि पुढच्या उड्डाणाला लागायचं. 1999पासून जपानी सहकाऱ्यांचा वर्णपटमापक तिच्यावर बसवून कार्बन आयनांची 158 मायक्रॉनची रेषा टिपली गेली. शास्त्र एवढंच सांगते.

मला खरं सांगायचंय ते हाताबद्दल. शोधक ज्यात थंड ठेवायचे तो निर्वात डबा कुठे गळतोय हे कागदावर कळत नाही. एकेका सांध्यावर हीलियमचा बारीक झोत सोडत, गळतीमापकाच्या काट्याकडे डोळे लावून बसावं लागतं. कार्यशाळेतले फिटर, वेल्डर आमच्यासोबत तसे बसायचे, आणि नुसत्या बोटांनी चाचपून सांगायचे, "मॅडम, इथे बघा." त्या माणसांबद्दल मला बाबांइतकाच आदर आहे.

म्हणून मुलांनो, हाताने काम करा. सायकलची चेन स्वतः चढवा. बिघडलेला रेडिओ उघडा. व्हिडिओत दुसऱ्याचे हात काम करतात, तुमचे नाही! पालकांनो, मुलाने मिक्सर उघडला तर ओरडू नका. प्लग काढलाय ना, तेवढं पाहा. नव्वद टक्के मिळवलेल्या मुलाला पाना धरता येत नाही, याची आपल्याला काळजी वाटायला हवी. मला फार वाटते.

आता पत्रातल्या त्या संधींबद्दल. मुंबईत वाढलेल्या, पवईच्या आयआयटीत शिकलेल्या कल्याणी सुखात्मे नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत गेल्या आणि तिथे त्यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या 'मिरी' या अवरक्त उपकरणाच्या प्रकल्प व्यवस्थापनाची धुरा सांभाळली. 'मिरी' 7 केल्विनच्या खाली थंड ठेवावं लागतं. 25 डिसेंबर 2021ला उडालेली ही दुर्बीण आता पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटर दूर आहे. तिथे दुरुस्तीला कोण जाणार? जे काही नीट बसवायचं, तपासायचं, ते माणसांच्या हातांनी इथे जमिनीवरच करून दिलं. मुलींनो, मुंबईतून तिथवर रस्ता जातो.

विश्वस्त मंडळी, तुम्ही पहिल्या रांगेत आहात म्हणून आत्ताच विचारते. तळमजल्यावरच्या हस्तव्यवसायाच्या खोलीत मोडकी बाकं रचून ठेवली आहेत. ती मे महिन्यात हलवाल का? जूनपासून दर शनिवारी दुपारी मी येईन. हत्यारं माझी. सातवी-आठवीच्या मुलामुलींची नावं वर्गशिक्षकांनी लिहून घ्यावीत, पण गुणांचा क्रम लावू नका, ज्याला यायचंय त्याला येऊ द्या.

नाटकाची मुलं मेकअप करून केव्हाची उभी आहेत. त्यांचा नेपथ्याचा दरवाजा त्यांनी स्वतः ठोकलाय म्हणे; मला तो बघायचाय.