गप्प केलेलं गुणसूत्र
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



मी समाजकार्य शिकले, जीवशास्त्र नाही. पण एका बाईमुळे मला हा विषय शिकावा लागला, म्हणून आज त्यावर बोलते.

ती केंद्रात आली तेव्हा आठ वर्षांचा मुलगा तिच्या कडेवर होता. त्याला ड्युशेन हा स्नायू झिजत जाणारा आजार. दवाखान्यात सांगितलं, 'हे आईकडून येतं.' सासरी तेवढंच वाक्य पोचलं आणि तेवढं पुरलं. नवरा दुसऱ्या लग्नाची भाषा करू लागला. जिना चढताना तिचे स्वतःचे पायही भरून येत. त्यावर डॉक्टर म्हणाले, 'हा आजार बायकांना होत नाही. मनातून काढून टाका.'

यातलं खरं किती?

मुलाला एक्स गुणसूत्र आईकडून मिळतं, वाय बापाकडून. मुलीला दोन्हींकडून एकेक एक्स. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी एक्स आणि वाय ही सारखीच जोडी होती. पुढे वायवरची बहुतेक जनुकं गळून गेली. नराकडे एकच एक्स उरलं, मादीकडे दोन. हा हिशेब जुळवायला सस्तन प्राण्यांत एक रीत घडली: मादीच्या प्रत्येक पेशीत एक एक्स जागच्या जागी गप्प करायचं. त्यावरची काही थोडी जनुकं तरीही बोलत राहतात.

उत्क्रांतीत ही रीत दोन वाटांनी आली. कांगारूंत नेहमी बापाकडचंच एक्स गप्प होतं. ते काम करणारं जनुक २०१२ साली सापडलं. गाय, मांजर, माणूस यांच्या वंशात मात्र एक जुनं जनुक निकामी झालं आणि त्याच्या अवशेषांतून 'एक्सिस्ट' हे नवं जनुक घडलं. त्यापासून तयार होणारा आरएनए एका एक्सवर पसरतो आणि ते बंद करतो. कोणतं एक्स बंद होणार, हे गर्भ अगदी लहान असताना पेशीपेशीत चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. त्या पेशीची सगळी पिलावळ तोच निर्णय पाळते.

म्हणजे आपण प्रत्येकजण दोन कापडांच्या तुकड्यांची गोधडी आहोत. काळ्या-पिवळ्या ठिगळांची मांजर पाहिली आहे ना? ती जवळजवळ नेहमी मादीच असते, त्याचं कारण हेच.

१९६१ साली उंदरांच्या ठिपकेदार केसांवरून हे ओळखलं मेरी लायन या इंग्रज बाईंनी. त्या केंब्रिजमध्ये शिकल्या तेव्हा तिथे बायकांना पूर्ण पदवी नव्हती, नावापुरती पदवी मिळे.

आता आपल्या बाईकडे येऊ. दोनपैकी एका एक्सवर बिघाड असला, तरी बहुतेक बायकांत निरोगी एक्स चालू असलेल्या पेशी काम भागवून नेतात. पण काहींच्या बाबतीत चिठ्ठी उलटी पडते. निरोगी एक्सच जास्त पेशींत गप्प होतं. मग स्नायू दुखतात, अशक्त होतात. हृदयावरही परिणाम होऊ शकतो. म्हणून अशा आईच्या हृदयाची तपासणी व्हायला हवी.

आम्ही तिला दुसरीकडे नेलं, तपासण्या करून घेतल्या. तिचं दुखणं खरं निघालं. नवरा काही बदलला नाही. ती मात्र 'माझ्यामुळे' म्हणायची थांबली.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ड्युशेनच्या सुमारे एक तृतीयांश मुलांत बिघाड नव्यानेच झालेला असतो, आईत तो नसतोच. आणि असला, तरी आपली गुणसूत्रं कोण निवडून घेतं?

मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्रपेशीवर ठरतं, हे आपण वस्तीवस्तीत सांगितलं. तरी मुलगी झाली की बोल आईलाच. आजार आला तरी बोल आईलाच. विज्ञान अर्धं सांगितलं, की त्याची काठी होते.

तेव्हा आजारी मुलाला घेऊन आई आली, की मुलाचे कागद पाहून झाल्यावर तिला एवढं विचारा: 'बाई, तुला काय होतंय? तुला कोणी तपासलं का?'