परागाची बाधा आणि शरदांतली सहल

भाद्रपद सरत आला, कीं सह्याद्रीचीं पठारें फुलांनीं भरून जातात. कासच्या वाटेला कुटुंबेंच्या कुटुंबें लागतात. पण एखाद्या घरांत एक माणूस मागें राहतें. त्याला एकामागून एक शिंका येतात, डोळे चुरचुरतात, नाकाला धार लागते. 'याला फुलांचा वारा बाधतो' असें म्हणून बाकीचीं माणसें त्याला खिडकीशीं बसवून निघून जातात. वर्षानुवर्षें असें घडलें, म्हणजे त्या माणसाचा शरद ऋतूच हरवतो. हा त्याग खरोखर आवश्यक आहे काय?

या विकाराचें स्पष्ट वर्णन जॉन बॉस्टॉक या इंग्रज वैद्यानें १८१९ सालीं केलें. रोगी तो स्वतःच होता. पुढें मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यानें, तोही याच व्याधीनें पीडित, स्वतःच्या नाकांत पराग घालून पाहिले, चिकट कांचा पतंगांबरोबर चढवून उंच हवेंतले कण पकडले, आणि १८७३ सालीं ग्रंथ लिहून खरा अपराधी दाखवून दिला: तो गवताचा पराग. इंग्रजींत याला 'हे फीव्हर' म्हणतात, पण यांत ताप नसतो. शरीराची रक्षणव्यवस्था निरुपद्रवी परागाला शत्रू समजते. त्या लढाईंत हिस्टामिन नांवाचें द्रव्य सुटून नाकाडोळ्यांना त्रास होतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. रंगीत फुलांचा पराग बहुधा जड व चिकट असतो; तो कीटकांच्या अंगाला लागून जातो. बाधतो तो मुख्यतः वाऱ्यावर उडणारा, ज्यांच्या फुलांकडे कोणी पाहत नाहीं अशा गवतांचा. दोष तेरड्याचा नव्हे, शेजारच्या गवताच्या तुऱ्याचा. शहरांतल्या मोकळ्या जागीं माजणारें गाजरगवतही असेंच नाकाला, आणि शिवाय कातडीलाही, छळतें.

तेव्हां सहल सोडूं नये. ती बेतानें करावी. कोरड्या, वाऱ्याच्या दिवसापेक्षां चांगली सर पडून गेल्यावरची वेळ बरी. मात्र विजांच्या वादळांत परागकण फुटून दमेकऱ्यांना झटका येऊं शकतो. अशा वेळीं घरांतच राहावें. बसावयास गवत टाळून कातळ निवडावा. डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर मास्क असावा. परतल्यावर कपडे बदलून केंसांवरून स्नान करावें, आणि उकळून निववलेल्या पाण्यांत मीठ घालून नाक धुवावें. नाकांत मारण्याचे फवारे ऋतूच्या आधींपासूनच नियमानें घेतल्यास गुण येतो. पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावेत. शिंकांवरील कांहीं गोळ्यांनीं गुंगी येते. त्या घेऊन मोटार हांकूं नये. छातींत घरघर होऊं लागली, तर मात्र एक दिवसही दवडूं नये.

एवढें सांभाळलें, तर पुढच्या शरदांत घरच्या खिडकीशीं बसणारें तें माणूस मोटारीच्या खिडकीशीं बसलेलें दिसेल. कांच तेवढी वर चढवलेली असावी.