कामापुरती किल्ली



कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करणारा माणूस कविता लिहितो, याचे लोकांना नवल वाटते. मला वाटत नाही. दोन्हीकडे शब्द जपूनच वापरावे लागतात. कवितेत एक शब्द चुकला तर फार तर ती कविता पडते. दाखल्यावर एक अक्षर चुकले तर पोराचे वर्ष वाया जाते. आज मी या दुसऱ्या प्रकारच्या शब्दांविषयी बोलणार आहे. म्हणजे कॉलेजच्या दप्तराविषयी, आणि ते दप्तर उघडण्याची परवानगी कर्मचाऱ्याने कशी मागावी व वरिष्ठाने कशी द्यावी, याविषयी.

दप्तर हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. पोराच्या पाठीवर असते तेही दप्तर आणि पुण्यात रुमालांत बांधून ठेवले आहे तेही पेशवे दप्तर. मी बी. ए. होऊन नोकरीला लागलो तेव्हा आमचे दप्तर म्हणजे एक लोखंडी कपाट होते. त्यात जाडजूड जनरल रजिस्टरे. किल्ली हेडक्लार्ककडे. रजिस्टर बघायचे तर त्यांच्यासमोर उभे राहावे लागे आणि ते चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारत, ‘‘कशाला हवंय?’’ उत्तर पटले तर कपाट उघडे, नाही तर नाही. नोंद चुकली तर खाडाखोड चालत नसे. चुकीच्या शब्दावर तांबड्या शाईची रेघ, वर बरोबर शब्द आणि शेजारी प्राचार्यांची सही. मूळ काय होते, बदल कुणी केला, कधी केला, हे वीस वर्षांनीही वाचता येई.

आता ते कपाट संगणकात गेले. हे चांगलेच झाले. जो दाखला मिळायला आठ दिवस लागत तो आठ मिनिटांत मिळतो. पण कपाटात पूर्वी होते त्याच्या कितीतरी पट आज संगणकात आहे. प्रवेशाचा एक अर्ज घ्या. त्यात मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, घरचे उत्पन्न, आधार क्रमांक, बँकेचे खाते, पालकांचा मोबाइल, घरचा पत्ता, फोटो आणि असल्यास अपंगत्वाचा दाखला. एवढे तर सख्ख्या मामालाही माहीत नसते. आणि पासवर्डला एक खोड आहे. तो ‘‘कशाला हवंय?’’ असे विचारत नाही. बरोबर टाकला की दार उघडतो.

यातून काय होते ते मी जवळून पाहिले आहे. पंधराएक वर्षांपूर्वी मी ज्या कॉलेजात होतो तिथे नवे सॉफ्टवेअर आले होते. माझे टेबल दाखल्यांचे, ते काम तेव्हा हातानेच चाले. प्रवेशाच्या गर्दीत वेगवेगळी खाती उघडायला वेळ कुणाला? सगळ्यांसाठी एकच नाव, एकच पासवर्ड. त्याची चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली. नऊ माणसे त्या एका नावाने काम करीत होती.

दिवाळीच्या सुमारास बारावीतल्या एका मुलीचे वडील ऑफिसात आले. रिक्षा चालवणारे गृहस्थ. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी पोरगा फोन करत होता. मुलीचे पूर्ण नाव, तुकडी, घराची गल्ली, सगळे त्याला माहीत. वडील शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, हा फोन मी मेमध्ये घेतला. हा नंबर मी आतापर्यंत फक्त तुमच्या फॉर्मवर लिहिलाय.’’ यावर कुणाकडे उत्तर नव्हते.

चौकशी झाली. ती माहिती कुणी उघडून पाहिली, हे संगणकाला विचारले. संगणक म्हणाला, ‘ऑफिस’ने. दुसरे नाव त्याच्याकडे नव्हतेच. मग संशय घ्यायला सगळ्यांत सोपा माणूस सापडला. रोजंदारीवरचा, वयाने लहान, नवा आलेला ऑपरेटर. त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितले. त्याने काही केले होते की नाही, हे आजही कुणी सांगू शकणार नाही. केले असेल तर सिद्ध झाले नाही. केले नसेल तर निर्दोष असल्याचे दाखवायला त्याच्याजवळ काही साधन नव्हते. मुलीचा दाखला वडिलांनी काढून घेतला. तो मीच लिहिला. कॉलेज सोडण्याचे कारण या रकान्यात ‘पालकांची विनंती’ असे लिहिले. खरे कारण लिहायला दाखल्यावर जागा नसते.

त्या ऑफिसातले सगळेच लोक वाईट होते असे मी म्हणणार नाही. बहुतेक भले होते. पण व्यवस्था अशी असावी लागते की चांगल्या माणसाला आपला चांगुलपणा दाखवता यावा. प्रत्येकाचे खाते वेगळे असते तर दोषी सापडला असता किंवा तो पोरगा सुटला असता. म्हणून मी नव्या कर्मचाऱ्यांना सांगतो की बाबांनो, स्वतःचे खाते मागून घ्या. साहेबांचा विश्वास नाही म्हणून ते वेगळे करायचे असे नाही. उद्या आळ आला तर ते तुमचीच साक्ष देईल.

आता मागायचे कसे? माझ्याकडे अर्ज येतात, ‘मला सिस्टीमचा फुल ॲक्सेस मिळावा, ही विनंती.’ असा अर्ज मी परत करतो. अर्धे पान पुरते, पण त्यात पाच गोष्टी हव्यात. तुम्ही कोण आणि हुद्दा काय. काम कोणते. त्यासाठी दप्तराचा कोणता भाग लागतो. नुसता बघायचा की त्यात बदल करायचा. आणि किती तारखेपर्यंत. खाली विभागप्रमुखांची सही. ‘शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या पडताळणीसाठी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे जातीचे व उत्पन्नाचे दाखले पाहण्याची परवानगी ३१ डिसेंबरपर्यंत मिळावी, बदल करण्याची आवश्यकता नाही’ असा अर्ज आला की सही करायला हात आपोआप पुढे जातो. त्या माणसाला आपले काम कळले आहे, हे त्या दोन ओळींत दिसते.

याच मापाने सगळ्यांचे बघा. प्राध्यापकाला आपल्या वर्गाची हजेरी आणि आपल्या विषयाचे गुण हवेत, मुलाच्या बापाचे उत्पन्न नको. ग्रंथपालाला मूल या वर्षी आपल्याकडे आहे की नाही एवढे कळले की पुरे, त्याची जात कशाला? वसतिगृहाच्या रेक्टरला पालकांचा फोन रात्री दोन वाजताही मिळाला पाहिजे, पण गुणपत्रिका नको. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचे सत्र संपले की त्याचे खातेही बंद झाले पाहिजे. बदली झाली, निवृत्ती झाली, तर निरोपाच्या नारळाबरोबर तेही काम उरकावे. आपल्याकडे नारळ विसरत नाहीत, खाते बंद करायचे विसरतात.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे किल्ली म्हणजे मान. ‘त्याला दिसते, मग मला का नाही? मी त्याला सीनिअर आहे,’ असे भांडण मी पुष्कळदा सोडवले आहे. प्राचार्यांना सगळे दिसावे, पण गुणांत बदल करण्याची सोय त्यांच्या खात्यात नसावी, असे मी एकदा सुचवले, तेव्हा केबिनमध्ये काही वेळ कुणी बोलेना. मी म्हटले, ‘‘सर, उद्या कुणी बडी आसामी तुमच्यासमोर बसून गुण वाढवा म्हणाली, तर आपल्याला खरेपणाने सांगता येईल की माझ्या हातात ते नाही.’’ सर हसले आणि त्यांनी सही केली. नसलेला अधिकार कधी कधी असा उपयोगी पडतो.

हा विचार काही माझा नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या रक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात कामाला लागेल तेवढाच कमीत कमी अधिकार द्यावा, हे तत्त्व आहे. दुसरे एक तत्त्व असे की, महत्त्वाचे कुलूप एका किल्लीने उघडू नये, दोन किल्ल्या दोघांकडे असाव्यात. बँकेच्या लॉकरला एक किल्ली आपली आणि एक बँकेची लागते, तसेच.

दोन किल्ल्यांची गरज मला आमच्या मुस्लिम घरांतल्या नावांवरून नीट कळली. आमच्यात कुणाला आडनाव असते, कुणाला नसते. ‘शेख’ कधी नावाच्या पुढे, कधी मागे. संगणकाला मात्र आडनावाचा रकाना रिकामा चालत नाही. मग ऑपरेटर कधी तिथे टिंब देतो, कधी बापाचे नाव दोनदा लिहितो. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे आणि पदवीवर तिसरेच. मूल खिडकीशी येऊन म्हणते, ‘‘चाचा, एवढं नाव दुरुस्त करून द्या ना.’’ मलाही वाटते, बटण दाबले की झाले. पण कागद न बघता केलेली दुरुस्ती कॉलेजात होते, विद्यापीठात होत नाही, आणि निकालाच्या दिवशी ते मूल दोन नावांच्या मध्ये अडकते. म्हणून एकाने कागद पाहून बदल भरावा, दुसऱ्याने तपासून मंजूर करावा आणि जुने नाव मागे नोंदीत राहावे. तांबड्या शाईची रेघ संगणकातही हवीच.

जातीच्या रकान्याचे तर विचारूच नका. जात पडताळणीला घराण्याच्या जुन्या शाळेतल्या नोंदी मागतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा त्यासाठी महत्त्वाच्या मानल्या जातात. त्यापूर्वी कुठल्या तरी गावच्या मास्तरांनी टाकाने लिहिलेल्या एका शब्दावर आज नातवंडाचा डॉक्टरकीचा प्रवेश ठरतो. आपण आज जे टंकतो त्यावर पुढे कुणाचे काय ठरेल, कोणी सांगावे?

कायदाही आता या बाजूला उभा आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमाखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. माहिती कुणाला उघडता येते यावर ताबा ठेवा, कुणी उघडली याची नोंद किमान वर्षभर जपा, असे त्यात सांगितले आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरली आहे. अकरावी-बारावीची आपली बहुतेक मुले त्यातच येतात.

पण कायद्याच्याही आधीचा एक शब्द आपल्या ऑफिसात रोज वापरला जातो. अनामत. ग्रंथालयाची अनामत, प्रयोगशाळेची अनामत. हा शब्द मूळ अरबी ‘अमानत’. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली. तिचा मालक आपण नव्हे, आपण फक्त राखणदार. आमच्या घरी आजी म्हणायची, ‘अमानत में खयानत नहीं’, म्हणजे ठेवीत अफरातफर करायची नाही. मूल कॉलेज सोडून जाते तेव्हा पैशांची अनामत आपण पावती बघून परत करतो. त्याने अर्जावर लिहून दिलेली माहिती मात्र परत करता येत नाही. ते गेल्यावरही ती आपल्याकडेच राहते. म्हणून ती जास्त जपायची.

तेव्हा पालकांनो, अर्ज भरताना ‘ही माहिती कोण बघणार?’ असे जरूर विचारा. विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. नव्या कर्मचाऱ्यांनो, कामापुरतेच मागा, स्वतःच्या नावाने मागा आणि काम संपले की स्वतःहून परत करा. आणि सही करणाऱ्या साहेबांनो, आज सोमवार उजाडला की एवढेच करा. आपल्याकडे कुणाकुणाची खाती चालू आहेत, ती यादी मागवून घ्या. तिच्यात निवृत्त झालेले, बदलून गेलेले, सोडून गेलेले कोण आहेत ते पाहा. यादी लांब निघाली तर घाबरू नका, पण संध्याकाळपर्यंत ती छोटी करा.