जावई दारात येण्याआधी

आम्ही पनवेलजवळच्या वडघरच्या बचत गटातल्या बायका बोलतोय.

आपल्या मुली आता नर्सिंगला, नोकरीला परदेशी जातात. कुणाचं तिथेच लग्न जमतं आणि एक दिवस लेक परदेशी नवऱ्याला घेऊन माहेरी येते. आपण पुरणपोळीचा बेत करतो. पण कागदांचा बेत कोण करणार? आमच्याकडून तो राहिला होता, म्हणून आज बोलतोय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या मावशींची लेक आणि आयरिश जावई मुंबईला उतरले. आम्ही चौघी हार घेऊन बाहेर उभ्या. विमानतळावर इमिग्रेशन असतं, म्हणजे देशाची वेसच म्हणा. तिथे भारतीय पासपोर्टवाल्यांची रांग वेगळी, परदेशी लोकांची वेगळी. लेक आपल्या रांगेतून लवकर सुटली. जावई मात्र काउंटरवरच अडकले. व्हिसाच्या अर्जात पत्ता होता जुन्या गावाचा. त्यांना विचारलं, "कुठे राहणार?" तर ते म्हणाले, "वडघर."

बायांनो, आपलं जुनं गाव आता कुठे आहे? विमानतळासाठी उलवे, तरघर, कोल्ही, कोपर अशी दहा गावं उठली. लेकीने अर्जात तिच्या पासपोर्टवरचाच पत्ता लिहिला होता. सासूबाईंचा फोन नंबर जावयांना पाठ नव्हता आणि लेकीचा परदेशी फोन इथे लागेना. त्यांना बाजूला बसवलं. तासाभराने चौकशी होऊन ते बाहेर आले, पण तोवर मावशींच्या हातातला हार कोमेजला होता. अधिकाऱ्यांनी त्यांचं काम केलं. चूक आपल्या घरची होती.

म्हणून हे लक्षात ठेवा. व्हिसाच्या अर्जात आज राहतो तोच पत्ता आणि आज चालू असलेला नंबर लिहायला सांगा. तोच पत्ता इंग्रजीत कागदावर लिहून जावयांच्या खिशात असू द्या. नवरा-बायको दोघांनी आपापले कागद आपल्याजवळ ठेवायचे. लग्नाच्या दाखल्याची प्रत दोघांकडे हवी. परदेशी पासपोर्टवाल्यांना १ ऑक्टोबर २०२५ पासून येण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्र भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका, सरकारी साइटच बघा.

लेकीचंही सांगतो. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच हवं. पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर तिकीटही त्याच नावाने काढा. आणि लेकीचा पासपोर्ट लेकीच्याच हातात राहू द्या. तो नवऱ्याच्या पेटीत नको आणि आपल्या कपाटातही नको.

आता आपलं काम. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची नोंद करावी लागते. लॉजवाल्यांना हा नियम आहे तसा आपल्या घरालाही आहे. ही नोंद ऑनलाइन होते. जमलं नाही तर पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, घाबरायचं कारण नाही. त्यांच्या व्हिसावर नोंदणी करा असं लिहिलं असेल तर तेही मुदतीत करा. व्हिसा कधी संपतो ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. गणपती झाल्यावर बघू, असं तिथे चालत नाही.

जावयांना कायम येणं-जाणं ठेवायचं असेल तर ओसीआय कार्ड असतं. लग्नाची रीतसर नोंद झालेली असावी आणि लग्न दोन वर्षं टिकलेलं असावं, मग अर्ज करता येतो. पाकिस्तान-बांगलादेशच्या मूळच्या लोकांना मात्र ते मिळत नाही. कार्ड मिळालं की पुन्हा पुन्हा व्हिसा लागत नाही. पण त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तेव्हा "जावयाच्या नावाने गुंठाभर घेऊ" असं कुणी म्हणालं तर थांबा. आणि परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून आपल्या लेकीचं भारतीय नागरिकत्व जात नाही. तिने स्वतःहून दुसऱ्या देशाचं घेतलं तरच जातं.

आता विमानतळ दारातच आलाय. २५ डिसेंबर २०२५ पासून इथून विमानं उडतात. पण ऑनलाइन व्हिसा ठराविक विमानतळांवरच चालतो. म्हणून जावई कुठल्या विमानतळावर उतरणार आणि त्यांचा व्हिसा तिथे चालतो का, हे तिकीट काढण्याआधी बघा.

मावशींचे जावई गेल्या वर्षी पुन्हा आले. या वेळी पत्त्याची चिठ्ठी खिशात होती आणि पंधरा मिनिटांत ते बाहेर आले. हार ताजा होता. तुमच्या गटात कुणाची लेक अशी येणार असेल, तर हे तिला आजच सांगा.