तापलेल्या मोटारीचे निदान

मे महिन्यात जयपूरचा पारा कित्येकदा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा एखाद्या दुपारी आमेरचा किल्ला पाहून एक मराठी कुटुंब आपल्या जुन्या अँबॅसडरपाशी परत येते, अशी कल्पना करावी. सकाळी ही गाडी किल्ली फिरवताच सुरू झालेली असते; चढावरही तिने कुरकूर केलेली नसते. पण अर्धा तास उभी राहिल्यावर ती हटून बसते. स्टार्टर फिरतो, इंजिन मात्र पेट घेत नाही. पाणी संपत आलेले, मुले कावलेली, आजी उन्हात उभ्या. संध्याकाळी गाडी मिस्त्रीकडे पोहोचते, तेव्हा ती निवलेली असते आणि पहिल्याच झटक्याला सुरू होते! मग अंदाजाने एखादा भाग बदलला जातो, पैसे जातात, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तोच प्रसंग उभा राहतो.

चालती गाडी थांबली की इंजिन लगेच निवू लागते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः घडते उलट. इंजिन बंद होताच पंखा थांबतो, पाण्याचे अभिसरण थांबते आणि लोखंडात साठलेली उष्णता बॉनेटखाली पसरू लागते. म्हणून थांबल्यानंतरची काही मिनिटे पेट्रोलच्या नळ्यांना आणि कार्बोरेटरला अधिक जाचक ठरतात. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यांतील हलके अंश ४० अंशांच्या सुमारासच उकळू लागतात.

यातून दोन परस्परविरुद्ध दोष संभवतात. उत्तरपाड्याची अँबॅसडर असो वा कुर्ल्याची फियाट, पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच जोडलेला असतो. त्यात किंवा नळीत वाफ धरली, तर पंपाला पेट्रोल ओढता येत नाही आणि इंजिन उपाशी राहते. उलट, कार्बोरेटरमधील पेट्रोल उकळून आत सांडले, तर इंजिनाला अजीर्ण होते. तिसरा संशयित म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर. हे भाग तापल्यावर दुबळे होतात आणि ठिणगी क्षीण पडते.

यांतील खरा अपराधी कोण, हे प्लग सांगतो. जाणकाराने सावधपणे प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. पंपावर ओले फडके ठेवून थोडे थांबावे. तो ओला असून पेट्रोलचा वास येत असेल, तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टर फिरवावा. पुन्हा पुन्हा दाबल्याने अधिकच पेट्रोल आत जाते. पेट्रोल व्यवस्थित असूनही ठिणगी पिवळट आणि मंद असेल, तर कॉइलकडे वळावे. ठिणगीची परीक्षा मात्र पेट्रोलच्या वाफेपासून दूर करावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नये.

आजच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली राहते. त्यामुळे वाफेची अडचण क्वचित येते. तेथे इंजिनाची फेरी मोजणारा संवेदक तापल्यावर मुका होतो आणि निवल्यावर पुन्हा बोलू लागतो. भाग बदलले, पण नियम तोच राहिला : दोष हजर असतानाच त्याची परीक्षा करावी. गाडी निवली की साक्षीदारही निघून जातो.

याच शहरात सवाई जयसिंगाने १८ व्या शतकात जंतरमंतर उभारले. तेथील सम्राट यंत्राची सावली दोन सेकंदांपर्यंतचा काळ दाखवते. पण ती वाचायची, तर माणसाला उन्हातच उभे राहावे लागते. बिघडलेल्या मोटारीपाशीही तेवढा धीर दाखवावा. आधी पाहावे, मग ठरवावे, आणि पान्याला हात त्यानंतर घालावा. त्यात पैसा वाचतो, आणि पुढच्या दुपारी आजींना उन्हात तिष्ठत राहावे लागत नाही.