माडाचा रोग, तिळाचा रोग



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांच्या स्मृतीस प्रथम अभिवादन करतो. समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो कोस दूर असलेल्या कटंगीत माडाच्या रोगावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न निमंत्रणपत्रिका वाचताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. तूर्त एवढेच सांगतो की, ज्या रोगाने केरळातील माड खंगतात, त्याचेच भाऊबंद आपल्या तिळाच्या वावरात, वांग्याच्या वाफ्यात आणि धानाच्या बांधीत येऊन जातात; आपण त्यांना नावानिशी ओळखत नाही, इतकेच.

या रोगाची नोंद जुनी आहे. त्रावणकोर संस्थानात १८८२ साली मोठा महापूर आला. तो ओसरल्यानंतर एराट्टुपेट्टा परिसरातील माड रोगट दिसू लागले. पानांच्या पात्या ताठपणा सोडून आत वळू लागल्या. दुरून पाहिल्यास झावळी एखाद्या जनावराच्या बरगड्यांसारखी दिसे. मागोमाग पिवळेपणा आला, पात्यांच्या कडा करपल्या, मुळे कुजली. मुळे कुजतात म्हणून लोकांनी त्याला मूळकुज-मर रोग म्हटले, आणि या नावानेच पुढे संशोधकांची दिशाभूल केली असे माझे मत आहे. रोगाचे घर मुळांत असेल या समजुतीने कित्येक वर्षे जमीन उकरली गेली. १९०८ च्या सुमारास बटलर यांच्यासारख्या ख्यातनाम वनस्पतिरोगतज्ज्ञाने त्रावणकोरात जाऊन पाहणी केली. पुढे कुणी बुरशीला दोष दिला, कुणी जीवाणूंना, कुणी सूत्रकृमींना, कुणी विषाणूंना, तर कुणी जमिनीतील मॅग्नेशियमच्या उणिवेला. कासरगोडचे नारळ केंद्र १९१६ साली स्थापन झाले आणि कायमकुळमचे केंद्र स्वातंत्र्याच्या सुमारास. परंतु कारण हाती लागेपर्यंत या रोगाला शंभर वर्षे पूर्ण झाली होती.

किल्ली मिळाली ती जपानमध्ये, आणि तीही तुतीच्या झाडात. १९६७ साली दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुजेपणाच्या रोगाने पछाडलेल्या तुतीचे अत्यंत पातळ छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकांत त्यांना अतिसूक्ष्म, निश्चित आकार नसलेले सजीव आढळले. त्यांना पेशीभित्तिकाच नव्हती. तोपर्यंत अशा रोगांचे खापर विषाणूंवर फोडले जात असे. पुढे १९९४ साली या सजीवांना ‘फायटोप्लाझ्मा’ हे नाव मिळाले. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेनिसिलीन हे औषध जीवाणूची भित्तिका बनू देत नाही. ज्याला भित्तिकाच नाही, त्याचे पेनिसिलीन काय बिघडविणार? टेट्रासायक्लीन मात्र प्रथिनांची निर्मिती रोखते, म्हणून तिच्यापुढे फायटोप्लाझ्मा माघार घेतो. केरळातील रोगट माडांत १९८३ साली हे सजीव इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसले, टेट्रासायक्लीन दिल्यावर लक्षणे काही काळ ओसरली, आणि दोन्ही पुरावे जुळले.

आता वाहक. फायटोप्लाझ्मा वाऱ्याने उडत नाही की पाण्याने वाहत नाही. तो झाडाच्या अन्नरसात राहतो, आणि तो रस शोषणाऱ्या कीटकाच्या सोंडेतून बाहेर पडतो. सोंडेला चिखल लागावा तसा तो नुसता लागून जात नाही. कीटकाच्या आतड्यातून तो शरीरद्रवात उतरतो, वाढतो आणि लाळग्रंथीत पोहोचतो. यास काही आठवडे लागतात. तोवर कीटक निरुपद्रवी असतो. त्यानंतर मात्र तो बहुधा मरेपर्यंत रोग वाटत फिरतो. हिवतापाचा डास आपणा सर्वांना ठाऊक आहे. व्यवहार तसाच आहे. केरळातील माडावर हे काम जाळीदार पंखांचा एक चिमुकला ढेकणाच्या जातीचा कीटक करतो, असे प्रयोगांत दिसून आले. त्याचे शास्त्रीय नाव स्टेफॅनायटिस टिपिका. प्राउटिस्टा मोएस्टा नावाचा तुडतुडाही वाहक ठरला, आणि सुपारीच्या पिवळ्या पानांच्या रोगातही याच तुडतुड्याचे नाव येते.

कॅरिबियन समुद्रातील बेटांवरचा याच गोत्राचा रोग अधिक क्रूर आहे. केरळचा माड वर्षानुवर्षे खंगतो, पण जगतो. जमैकातील माडाची फळे प्रथम गळतात, फुलोरा काळा पडतो, पाने पिवळी होतात, आणि काही महिन्यांतच शेंडा गळून नुसता खांब उभा राहतो. १९७० नंतरच्या दशकात फ्लोरिडात असे खांब हजारोंनी उभे होते. तेथील वाहक तुडतुडा १९८३ साली निश्चित झाला. याच फ्लोरिडात शोभेसाठी आपली शिंदी लावतात, हे ऐकून आपणास गंमत वाटेल. ज्या छिंदावरून शेजारच्या छिंदवाड्याचे नाव पडले असे सांगतात, तेच हे झाड. २००६ पासून तेथे आढळलेल्या दुसऱ्या एका फायटोप्लाझ्माने ही शिंदीही मरते. ज्या झाडाला आपल्याकडे कुणी पाणीसुद्धा घालीत नाही, ते परक्या मुलखात परक्या रोगाला बळी पडते.

आता आपल्या गावाकडे वळू. तिळाच्या झाडाला फुलांऐवजी हिरव्या पानांचा झुबका येतो आणि बोंडे धरत नाहीत, तो पर्णगुच्छ. वांग्याची पाने बारीक होऊन फांद्यांचा झाडू होतो आणि वांगे लागत नाही; तोही याच जातीचा रोग. ‘झाडाला नजर लागली’ असे म्हणून आपल्याकडे ते झाड तसेच उभे ठेवतात, आणि तुडतुडे त्यावर पोसून शेजारच्या निरोगी झाडांकडे जातात. धानाचा पिवळा खुजा रोग हिरवे तुडतुडे पसरवितात. ज्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जिल्ह्याने तुडतुड्याकडे नुसता रस शोषणारा किडा म्हणून पाहणे परवडणारे नाही. उसाची गवताळ वाढ महाराष्ट्रात १९४९ साली बेलापूर भागात नोंदली गेली. तिच्यात तर बेणे हेच रोगाचे वाहन ठरले, म्हणून बेण्यास उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया देण्याची पद्धत आली.

तीळ वा वांगे उपटून टाकणे सोपे आहे. माड तोडणे सोपे नाही, आणि खरा पेच येथेच आहे. १९८४-८५ च्या पाहणीत केरळच्या दक्षिणेकडील जिल्ह्यांत सुमारे ४ लाख १० हजार हेक्टर क्षेत्र रोगग्रस्त आढळले, आणि वर्षाला ९६ कोटी ८० लाख नारळांचे नुकसान मोजले गेले. टेट्रासायक्लीन लाखो झाडांना आयुष्यभर टोचता येत नाही. थांबविली की रोग परततो. म्हणून शास्त्रज्ञांनी सल्ला दिला तो असा की, वर्षाला दहापेक्षा कमी नारळ देणारे रोगट माड तोडावेत, फुलोऱ्यावर येण्यापूर्वीच रोग जडलेली झाडे काढावीत, आणि उरलेल्यांना हिरवळीचे खत, निंबोळी पेंड व मॅग्नेशियम सल्फेट देऊन सांभाळावे. कागदावर हे निर्दोष आहे. परंतु घरामागे पाचसहाच माड असलेल्या कुटुंबाला आठ नारळ देणारे झाडही आठ नारळ देतेच. ते तोडले तर नवे झाड फळावर येईपर्यंत तेही नाहीत. अशा घराला ‘अडाणी’ म्हणणाऱ्या तज्ज्ञांशी मी सहमत होऊ शकत नाही. तोडावयास सांगणाऱ्याने त्याच दिवशी हातात चांगले रोप ठेवले पाहिजे.

ते रोप रोगाच्या माहेरघरातूनच आले, ही या कथेतील मला सर्वांत आवडणारी गोष्ट. चोहोबाजूंनी रोगट झाडांच्या गराड्यात असूनही जे माड वर्षानुवर्षे निरोगी राहिले, तेच निवडून केंद्रीय संस्थेने ‘कल्पश्री’, ‘कल्परक्षा’ आणि ‘कल्पसंकरा’ हे वाण दिले. प्रतिकारशक्ती कायमची असते, असे मात्र कुणी समजू नये. जमैकाने मलायी ठेंगू माड आणि त्यापासूनचा ‘मेपॅन’ संकर लावून रोगावर मात केली असे वाटत होते. पुढे तीही झाडे मोठ्या संख्येने मेली.

आपल्याकडे हल्ली घराच्या अंगणात एखादा नारळ लावण्याची हौस वाढली आहे. ती जरूर पुरवावी. कोकणात रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. अशा खात्रीच्या ठिकाणचे रोप घ्यावे. पावसाळ्यात गाडीतून विकावयास येणाऱ्या रोपाचा मूळ गाव विक्रेत्यास विचारावा. त्याला तो सांगता न आल्यास रोप परत ठेवावे.

व्याख्यानानंतर व्यासपीठाशेजारच्या टेबलावर पर्णगुच्छ झालेले तीळ, वांग्याची एक रोगट फांदी आणि हिरव्या फुलांची सदाफुली बरण्यांत ठेवली आहे. विद्यार्थ्यांनी भिंग घेऊन ती पाहावीत आणि तशीच झाडे आपल्या वावरात कुठे दिसली, ते विज्ञानाच्या शिक्षकांकडे असलेल्या वहीत गाव व तारीख घालून लिहावे.