अभ्यास आणि परदेशसेवा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि जन्मभर खेड्यातील शाळेत खडू झिजविलेले. उच्च शिक्षणाविषयी आम्ही बोलावे, हे धाडसच होय. परंतु गेल्या वर्षी आमची एक विद्यार्थिनी सल्ला विचारावयास आली. पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला जोडून दोन वर्षे स्वयंसेवक म्हणून परदेशी जावे, असा तिचा मानस होता. "आधी पदवी, मग नोकरी, सेवेचे निवृत्तीनंतर पाहू," असे आम्ही सांगून टाकले. ती मुकाट्याने निघून गेली. तो सल्ला चुकीचा होता, हे सांगण्यासाठीच आज आम्ही उभे आहोत.

१९६१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी 'पीस कोअर' ही स्वयंसेवक संस्था स्थापन केली. पुढे १९८७ पासून तिने विद्यापीठांच्या सहकार्याने अभ्यास व सेवा यांची सांगड घातली. विद्यार्थ्याने साधारण एक वर्ष विद्यापीठात शिकावयाचे. नंतर २७ महिने परदेशी राहावयाचे, त्यांपैकी पहिले तीन भाषा व कामाच्या शिक्षणाचे आणि उरलेले सेवेचे. आणि परतून पदवी पुरी करावयाची. मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत वनशास्त्राचा असा क्रम होता. ही योजना २०१६ साली बंद करण्यात आली. तथापि तिच्यामागील तत्त्व जुने झालेले नाही. रोप का जळाले हे पुस्तक सांगते. पण त्याला पाणी कोणी घालावे, गुरे कोठे चरावीत, सरपण कोठून आणावे, हे गावात राहिल्यावाचून कळत नाही.

कोणी म्हणेल, श्रीमती लिलियन कार्टर १९६६ साली अडुसष्टाव्या वर्षी याच संस्थेतून आपल्या विक्रोळीस आल्याच ना! खरे आहे. परंतु त्या परिचारिका होत्या. हाती विद्या होती म्हणूनच त्यांची सेवा रुग्णांच्या उपयोगी पडली. विद्येवाचून सेवा दुबळी आणि सेवेवाचून विद्या कोरडी, हाच त्यातील बोध.

पीस कोअर केवळ अमेरिकन नागरिकांसाठी आहे. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांनी मुलांना तिची माहिती द्यावी. १९७१ साली सुरू झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात मात्र भारतीयांनाही जाता येते.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या शिक्षणनिधीच्या कर्जाची परतफेड पदवीनंतर सहा महिन्यांत सुरू होते. स्वयंसेवकाला निर्वाहापुरतेच मिळते. त्यातून त्याने हप्ता कसा भरावा? त्या मुलीच्या वडिलांची चिंता हीच होती. म्हणून सेवेस जाणाऱ्या विद्यार्थ्यास दोन वर्षांची सवलत द्यावी, असा ठराव आम्ही मांडीत आहोत. निधीस तूट येऊ नये म्हणून पहिल्या विद्यार्थ्याचे त्या काळातील हप्ते आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून भरू. त्याने ते पुढे सवडीने फेडावेत.

त्या मुलीस आम्ही चूक कबूल करणारे पत्र धाडले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. आपण ठराव संमत केलात, तर तिला दुसरे पत्र लिहिण्याचे धैर्य आम्हांस होईल.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.